इंजिनाचे काम निघाले, पण कन्व्हर्टर उतरवून पाहिला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पाण्यात बंद पडलेल्या गाड्या टोइंग होऊन गॅरेजमध्ये येऊ लागतात आणि इंजिन उघडण्याची कामे निघतात. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकणे, हेड गॅस्केट जाणे, पिस्टन फुटणे, ऑइल संपून इंजिन सीझ होणे हे प्रकार तर बाराही महिने चालू असतात. मालकाच्या हातात जे अंदाजपत्रक पडते त्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, लेथचे काम, मजुरी असे सगळे असते. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नाव मात्र त्यात क्वचितच दिसते. मोडक्या इंजिनातून जे काही बाहेर फेकले गेले ते पोटात घेऊन बसलेला तो डबा तसाच्या तसा नव्या कामाला जोडला जातो. मग दोन-तीन महिन्यांत गाडी ओढत नाही, ऑइल खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि दोष येतो रिंगांवर किंवा लेथवाल्यावर. दुरुस्त झालेले इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी कन्व्हर्टर उतरवून आतून पाहिला गेला पाहिजे आणि काय दिसले ते जॉब कार्डवर लिहिले गेले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. ती नुसती मांडून उपयोग नाही, म्हणून तपासणी कशी करायची तेही सविस्तर लिहीत आहोत.

आधी या डब्यात काय असते ते पाहू. बाहेर स्टेनलेस स्टीलचे कवच आणि आत कॉर्डिएराइट या भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाची वीट. ही वीट भरीव नसते. तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणाऱ्या चौकोनी नळ्या असतात, एका चौरस इंचात साधारण ४०० ते ६००. चारशेची वीट असेल तर एका नळीचे तोंड जेमतेम १.१ मिलिमीटर भरते आणि दोन नळ्यांमधली भिंत मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापेक्षाही पातळ असते. या भिंतींवर अ‍ॅल्युमिना आणि सिरिया (सिरियम धातूचे ऑक्साइड) यांचा खरबरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचे सूक्ष्म कण. वीट आणि कवच यांच्यामध्ये उष्णतेने फुगणारी एक चटई भरलेली असते. विटेला धरून ठेवणारी आणि धक्क्यांपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे हीच चटई. ती सैल झाली की वीट आत आपटू लागते आणि फुटते.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिसे नसलेले पेट्रोल देशभर मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्या काळात हा डबा बहुधा गाडीच्या पोटाखाली, इंजिनापासून बराच मागे असायचा. पण वीट २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. निकष कडक होत गेले तसा तो लवकर तापावा म्हणून पुढे सरकत गेला. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ च्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटूनच असतो. विटेचे तोंड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांत काही गाड्यांत वीतभरच अंतर उरते. धुरासाठी हे चांगले झाले. इंजिन फुटल्यावर मात्र हेच अंतर दोन्ही बाजूंनी घात करते.

एका बाजूचा घात सगळ्यांना कळतो. पिस्टनचा वितळलेला अ‍ॅल्युमिनियम, रिंगेचे तुकडे, प्लगच्या चिनीमातीचा कपचा, कच्चे पेट्रोल, ऑइल, कूलंट, सगळे एक्झॉस्टमधून विटेवर येऊन आदळते. दुसरी बाजू फार कमी जण लक्षात घेतात. एक्झॉस्टच्या पाइपात वायू एकाच दिशेने वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने पुढे-मागे होतो. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना आणि इनटेक सुरू होताना दोन्ही व्हॉल्व्ह काही अंश एकाच वेळी उघडे असतात. थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठा व्हॅक्यूम असतो, त्यामुळे त्या क्षणी एक्झॉस्टमधला थोडा वायू उलटा सिलिंडरमध्ये खेचला जातो. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या इंजिनात हे मुद्दामच घडवून आणलेले असते. वीट फुटून तिची पूड झाली असेल तर वायूबरोबर तीही आत येते. कॉर्डिएराइट काचेवर ओरखडा पाडण्याइतका कठीण असतो. नुकत्याच होन केलेल्या (घासून तयार केलेल्या) सिलिंडरच्या बोअरमध्ये ही पूड म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखेच. रिंगा घासतात, ऑइल वर चढते, ते जळून पुन्हा विटेवर बसते आणि वीट आणखी ढासळते. एकदा हे चक्र सुरू झाले की रिंगा कितीही चांगल्या कंपनीच्या घातल्या तरी टिकत नाहीत.

तपासणी पाना उचलण्याआधीच सुरू होते. बॅटरीची केबल काढायच्या आधी स्कॅनर लावून कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाड) आणि फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणीची आकडेवारी) उतरवून घ्या, कारण केबल निघाली की बऱ्याच गाड्यांत ती माहिती पुसली जाते. पी ०३०० किंवा पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचे. यांपैकी काही साठलेले असतील तर विटेवर कच्चे पेट्रोल जळलेले आहे असे धरूनच पुढे जावे. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेलेली. हा कोड इंजिन बंद पडण्याआधीचा असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: इंजिनाने कन्व्हर्टर मारला की कन्व्हर्टरने इंजिन? चोंदलेल्या कन्व्हर्टरमुळे एक्झॉस्टची उष्णता हेडमध्ये कोंडते, व्हॉल्व्ह जळतात आणि इंजिन तापते. मालकालाही एक गोष्ट विचारा, इंजिन बंद पडण्याआधी चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला होता की लुकलुकत होता? लुकलुकणारा दिवा म्हणजे ‘कन्व्हर्टर जळेल इतका मिसफायर चालू आहे’ असा गाडीने दिलेला इशारा असतो. त्या अवस्थेत गाडी दहा-पंधरा किलोमीटर हाकली असेल तर वीट वितळलेली सापडली तरी आश्चर्य वाटायला नको. चालू गाडीत विटेचे तापमान साधारण ४०० ते ८०० अंश असते. कच्चे पेट्रोल तिच्यात जळू लागले की ते हजाराच्या वर जाते आणि १४५० अंशांच्या आसपास वीटच पाघळते.

यानंतर कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढा. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो आणि वायरसाठी खाच असलेला सॉकेट मिळतो, तोच वापरावा. आटे गंजलेले असतील तर गंज सोडवणारे तेल फक्त आट्यांवर मारावे, सेन्सरच्या टोकावर नको. मग ते टोक नीट पाहा. कोरडे, फिकट राखाडी किंवा तपकिरी असेल तर ठीक. काळे आणि तेलकट असेल तर ऑइल वर आलेले आहे. पांढरा खडूसारखा थर असेल तर कूलंट जळलेले आहे किंवा मागच्या कामात कोणीतरी चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरलेले आहे. चकचकीत ठिपके चिकटलेले असतील तर ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम असते.

सेन्सरचे भोक १८ मिलिमीटरचे असते. त्यातून साडेपाच किंवा आठ मिलिमीटरचा एन्डोस्कोप कॅमेरा सहज आत जातो आणि विटेचे तोंड दिसते. मोबाइलला जोडता येणारा साधा कॅमेराही या कामाला चालतो. मागच्या सेन्सरच्या भोकातून मागची बाजूही पाहून घ्यावी. पण एवढ्यावर थांबू नये. कॅमेऱ्यात वीट सैल आहे की घट्ट ते कळत नाही आणि कडेचा भाग दिसत नाही. मोठे काम निघालेले असताना मॅनिफोल्ड तसाही सुटलेला असतो, तेव्हा डबा खाली उतरवायलाच हवा.

उतरवताना हातोडा चालवू नका. नट गंजलेले असतात आणि स्टड मोडतात, म्हणून आदल्या रात्रीच गंजाचे तेल मारून ठेवावे. बसवताना गॅस्केट आणि नट नवीनच वापरावेत. हातमोजे आणि चांगला एन-९५ मास्क हवा. चटईचे तंतू आणि विटेची धूळ फुप्फुसाला वाईट असते, आणि आमच्या पोरांना ही सवय लावणे आमच्याच हातात आहे.

डबा टेबलावर आला की आधी बाहेरून पाहा. थोडा सोनेरी, तपकिरी रंग सगळ्याच डब्यांना येतो. एकाच जागी गडद निळा-जांभळा पट्टा किंवा फुगवटा असेल तर आत त्याच जागी आग झालेली असते. कवचावर दगडाचा ठोकर लागून खड्डा पडला असेल तर त्याच्या आतली वीट तडकलेली असण्याची शक्यता मोठी. मग डबा दोन्ही हातांनी कानाजवळ धरून हलवा आणि तळहाताने थापटा. खडखडला तर निकाल तिथेच लागला. आवाज आला नाही तर लगेच निर्धास्त होऊ नये, कारण वितळून कवचाला चिकटलेली वीट अजिबात वाजत नाही.

आता पुढचे तोंड खाली करून तो पांढऱ्या कागदावर धरा आणि रबरी हातोडीने हलकेच ठोका. जे पडेल त्यात इंजिनाच्या अपघाताची सगळी हकिगत असते. नळीचे तोंड एक मिलिमीटरचे असल्यामुळे पुढची बाजू चाळणीसारखे काम करते आणि त्याहून मोठे काहीही तिथेच अडकते. काळी, बोटाने चिरडणारी भुकटी म्हणजे कार्बन. फिकट पिवळसर किंवा राखाडी टोकदार कण म्हणजे विटेचेच तुकडे, ते काचेच्या तुकड्यावर घासले की चरा उमटतो. चकचकीत आणि चुंबकाला न चिकटणारे गोळे म्हणजे पिस्टन. चुंबकाला चिकटले तर रिंग किंवा व्हॉल्व्ह. चुंबक डब्यावर लावून काही कळत नाही, कारण कवचाचे स्टीलही बहुधा चुंबकाला धरते. म्हणून कण कागदावर काढूनच परीक्षा करायची. हा कागद घडी घालून जॉब कार्डला टाचून ठेवावा. वादाच्या वेळी शंभर शब्दांपेक्षा तो उपयोगी पडतो.

मग टॉर्च घेऊन विटेचे तोंड न्याहाळा. सगळ्या नळ्या चौकोनी, धारदार, एकसारख्या दिसल्या पाहिजेत. काठ गोलसर झालेले, मेण वितळल्यासारखा चमकदार भाग, मध्येच खड्डा किंवा एका कडेचा तुकडा गायब, यांपैकी काहीही दिसले तर वीट गेलेली आहे. डब्यात एकच वीट असेल आणि दोन्ही तोंडे समोरासमोर असतील तर अंधाऱ्या जागी एका टोकाला टॉर्च धरून दुसरीकडून पाहा. ठिपक्यांची जाळी सलग उजळली पाहिजे. जिथे काळा डाग दिसेल तिथे नळ्या बंद आहेत. पण काही डब्यांत दोन विटा मागेपुढे असतात, मध्ये जागा सोडलेली असते आणि नळ्या एका रेषेत येत नाहीत. तिथे प्रकाश आरपार जात नाही म्हणून कन्व्हर्टर चोंदला असे ठरवू नये, दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्यानेच पाहावे.

विटेचा तुकडा कमी दिसला तर तो कुठे गेला याचा छडा लावल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. मागे गेला असेल तर दुसऱ्या विटेच्या तोंडावर, मधल्या पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये सापडतो. सायलेन्सर उतरवून हलवला की कळते. चांगला नवा कन्व्हर्टर बसवूनही गाडी गुदमरत राहते त्याचे कारण अनेकदा सायलेन्सरमध्ये अडकलेली जुनी वीट असते. तुकडा मागे कुठेच नसेल तर तो पुढे गेला असे समजून एक्झॉस्ट पोर्ट, व्हॉल्व्ह सीट आणि प्रत्येक सिलिंडरच्या भिंती पुन्हा तपासाव्या लागतील. त्याचबरोबर इनटेक मॅनिफोल्ड आणि ईजीआरचे (थोडा धूर परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्यवस्थेचे) मार्गही. पिस्टन फुटताना तुकडे इनटेकमध्येही उडतात आणि तिथून नव्या इंजिनात परत येतात.

बिघाड कोणता होता यावर विटेचे नशीब बरेचसे ठरते. टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत एकदम तुटला, व्हॉल्व्ह वाकले आणि इंजिन जागच्या जागी थांबले, तर कन्व्हर्टर बहुधा वाचलेला असतो. मात्र त्यानंतर गाडी सुरू करण्यासाठी किती वेळ स्टार्टर मारला गेला ते विचारा, कारण क्रँकची खूण इसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिळत राहिली तर स्टार्टरच्या प्रत्येक फेऱ्यात इंजेक्टर पेट्रोल टाकत राहतात. रिंगा झिजून गाडी महिनोन्‌महिने ऑइल खात होती, हा प्रकार जास्त वाईट. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी झिंक आणि फॉस्फरस असलेले रसायन घातलेले असते. ते जळले की फॉस्फरस विटेवर काचेसारखा थर धरतो आणि आतले धातू झाकले जातात. ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले गेले ते कन्व्हर्टरसाठीच. अशी वीट दिसायला धडधाकट असते, आरपार प्रकाशही जातो, पण काम करत नाही. डोळ्यांनी हे कळणार नाही, त्याची परीक्षा गाडी सुरू झाल्यावरच होते. हेड गॅस्केट जाऊन कूलंट जळाले असेल तर सिलिकेट आणि फॉस्फेटचा पांढरा लेप पुढच्या तोंडावर बसतो. तो धुऊन निघत नाही.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे वेगळे. इंजिनाने एअर फिल्टरमधून पाणी ओढले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी त्याच पाण्यात तासन्‌तास उभी राहिली तर सायलेन्सरच्या मार्गाने गाळ कन्व्हर्टरपर्यंत चढतो. चटई भिजते, नळ्यांत चिखल भरतो. इंजिन दुरुस्त करून तसेच सुरू केले की तो चिखल भाजून त्याचीच वीट होते. म्हणून डबा उतरवून गाळ ओला असतानाच मागच्या तोंडाकडून कमी दाबाच्या स्वच्छ पाण्याने बाहेर काढावा. प्रेशर वॉशरचा फवारा मारू नये, भिंती फुटतात. नंतर पूर्ण सुकवून पुन्हा टॉर्चची परीक्षा घ्यावी. जाळी सलग उजळत नसेल किंवा चटई कडेने बाहेर आलेली असेल तर तो कन्व्हर्टर बाद.

टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीत इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये टर्बाइन असते, त्यामुळे मोठे तुकडे आधी तिच्या पात्यांवर आपटतात. पात्यांची टोके तुटलेली असतील तर तीच टोके विटेवर शोधा. डिझेल गाड्यांत पुढे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि मागे डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असतो. इंजेक्टर गळून पिस्टनला भोक पडले किंवा टर्बोचे सील गेले तर डीपीएफ ऑइलने चिंब होतो. अशा गाडीत रीजनरेशन (साठलेली काजळी तापवून जाळण्याची क्रिया) सुरू झाले तर ते ऑइल आतच पेट घेते. म्हणून डीपीएफ उतरवून पाहिल्याशिवाय स्कॅनरवरून रीजनरेशनचा हुकूम देऊ नये. टेलपाइपच्या आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघते, काळी काजळी लागली तर फिल्टर तडकलेला आहे.

काय ठेवायचे आणि काय बदलायचे याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. वीट वितळलेली, फुटलेली किंवा सैल असेल, किंवा तिच्यावर धातू चिकटून थिजलेला असेल, तर दुरुस्ती नाही, डबा बदलायचा. नुसता ऑइलचा पातळ ओशटपणा असेल आणि नळ्या मोकळ्या असतील तर ठेवायला हरकत नाही, ते थोडे ऑइल गाडी तापल्यावर जळून जाते. थिनरमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून ‘कन्व्हर्टर नवा करून देतो’ म्हणणाऱ्यांवर पैसे घालवू नका. वर बसलेला कार्बन निघेल, पण वितळलेला थर आणि त्यातले धातू परत येत नाहीत. पेट्रोलने तर मुळीच धुऊ नये.

कन्व्हर्टर ठेवायचे ठरले असेल तर पहिल्या स्टार्टला तीन परीक्षा घ्या. पुढच्या सेन्सरच्या भोकात अ‍ॅडाप्टर लावून कमी दाबाचा गेज बसवा. टर्बो नसलेल्या गाडीत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) दाब, म्हणजे बॅक प्रेशर, दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या आत असला पाहिजे. त्याहून जास्त असेल तर पुढे अडथळा आहे. व्हॅक्यूम गेज असेल तर इनटेकला लावून इंजिन २५०० आरपीएमवर धरा. काटा स्थिरावून मग हळूहळू खाली घसरत राहिला तर एक्झॉस्ट तुंबतो आहे. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम पाऱ्याचे १७ ते २१ इंच असतो. पुण्यात उंचीमुळे तो सुमारे दोन इंच आणि महाबळेश्वरला चार इंच कमी दिसणारच, तेवढ्यावरून रिंगांना नावे ठेवू नयेत. तिसरी परीक्षा स्कॅनरवर. गाडी पंधरा मिनिटे चालवून तापवा आणि मागच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहा. वीट जिवंत असेल तर तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. ०.१ ते ०.९ असा भराभर झुलू लागला तर ऑक्सिजन साठवण्याची विटेची ताकद गेलेली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचे आणि मागचे तापमान मोजून निकाल देण्याची पद्धत आजच्या गाड्यांत भरवशाची राहिलेली नाही.

नवा कन्व्हर्टर बसवल्यावर तो पहिल्याच दिवशी मारला जातो तो आपल्याच सवयींमुळे. कॉम्प्रेशन पाहताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला कच्चे पेट्रोल विटेत जाते. कोणता सिलिंडर मारत नाही ते शोधायला चालू इंजिनाची प्लग वायर किंवा कॉइल उपटण्याची जुनी सवय सोडली पाहिजे. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, निदान तेच होते आणि पेट्रोलही बंद होते. गाडी सुरू होत नसेल तर दहा-दहा सेकंद स्टार्टर मारत बसू नये. सीलंट वापरायचेच तर ऑक्सिजन सेन्सरला चालणारे आणि पातळ रेघेत, बाहेर ओघळेल एवढे नको. एक्झॉस्टच्या फ्लँजला ते लावूच नये. सेन्सर परत बसवताना आट्यांवर अँटी-सीझ लावावे, टोकाला नाही, आणि आवळणी गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर.

आता एका वाईट प्रथेबद्दल लिहायलाच हवे. कन्व्हर्टर खराब निघाला की ‘आतला माल काढून टाकू, गाडी मोकळी पळेल’ असे सांगितले जाते. रॉड घालून वीट फोडली जाते आणि रिकामा डबा परत लागतो. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून, म्हणजे त्याला धुराच्या वाटेतून बाहेर सरकवून, दिवा विझवला जातो. यातून गाडीला मिळत काही नाही. शहराला मिळतो तो न जळालेला हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड, तेही सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या लेकराच्या नाकाच्या उंचीवर. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड वेगळा. पीयूसीतही बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागते, आणि वाढवलेल्या आरपीएमवर ०.२ टक्के. नळी नीट आत घालून प्रामाणिकपणे मोजले तर रिकामा डबा सहसा या मर्यादेत बसत नाही. बीएस-६ गाडीला जुन्या निकषाचा स्वस्त कन्व्हर्टर बसवणे हीदेखील फसवणूकच आहे. त्यात मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत पी ०४२० परत येतो.

मालकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. जुना कन्व्हर्टर बदलला तर तो परत मागून घ्या. त्यात काही ग्रॅम प्लॅटिनम गटातले धातू असतात आणि भंगारात त्याला चांगली किंमत येते. ती तुमची आहे. काम सुरू होण्याआधी डब्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे चांगला डबा जाऊन रिकामा परत येणार नाही. आणि पाण्याने इंजिन गेले असेल तर विम्याच्या सर्व्हेअरला इंजिन उघडताना कन्व्हर्टरही उतरवून दाखवायला सांगा आणि पाहणीच्या अहवालात त्याचा उल्लेख आहे का ते तपासा. इंजिन सुरू झाल्यावर महिन्याने सापडलेला चिखल पुराचाच होता हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

गॅरेज चालवणाऱ्या बांधवांना आणि विमा कंपन्यांना आमची विनंती आहे की मोठ्या इंजिन कामाच्या जॉब कार्डवर आणि सर्व्हेच्या नमुन्यात ‘कन्व्हर्टर उतरवून पाहिला: पुढचे तोंड, मागचे तोंड, खडखड, सापडलेले कण, बॅक प्रेशर’ अशी एक ओळ कायमची छापावी. डबा आधीच सुटलेला असताना या तपासणीला अर्धा तास पुरतो. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल बदलताना डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवावी आणि पुढच्या सेन्सरच्या भोकातून कॅमेरा पुन्हा एकदा आत घालावा. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल जळतेच. पण तोंडावर नवे फिकट कण दिसले तर गाडी तशीच पुढे चालवू नये, त्याच दिवशी डबा परत खाली उतरवावा.

आपले,
मोटार इंजिन दुरुस्तीचे काम करणारे काही मेकॅनिक, पुणे